कॅल्शियमबंदी

प्रणिता फोनवर एकच वाक्य बोलली आणि घरच्या म्हशीला घर सोडावं लागलं.

वाक्य साधंच होतं. बेळगावच्या एका संशोधन संस्थेत मेंदूच्या पेशींवर काम करणारी मुलगी आईला सांगेल तसलं. वडिलांना, म्हणजे रायाप्पांना, पार्किन्सन्स झालाय असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. उजवा हात आपल्या मनानं हलायचा, पावलं आखूड पडायची. "असं का हुतंय गं?" असं राजमतीनं विचारलं. प्रणिता म्हणाली, "आई, मेंदूतल्या काही पेशींत कॅल्शियम सारखं आत शिरत राहतं, आणि ते बाहेर काढता काढता त्या पेशी दमतात आणि मरतात." झालं. हे ताटातल्या कॅल्शियमबद्दल नाही, एवढं सांगायचं राहिलं. प्रयोगशाळेत ते कुणाला सांगावं लागत नाही.

निपाणीजवळच्या त्यांच्या गावात मात्र सांगावं लागतं, हे तिला महिन्याभरानं कळलं. जैन बस्तीतल्या, म्हणजे मंदिरातल्या, मूर्तीच्या वार्षिक अभिषेकासाठी ती सुट्टी टाकून आली. दारात रांगोळी होती, पण ती तांदळाच्या पिठाची, आणि मुंग्यांनी निम्मी उचलून नेलेली. समोरची भिंत अर्धी पांढरी, अर्धी मातकट. गोठा रिकामा.

"म्हैस कुठाय?" तिनं धाकट्या भावाला विचारलं.

"शेजारच्या नागेंद्राण्णाच्यात," वृषभ म्हणाला. "आप्पांच्या नजरंला दूध पडाय नको म्हणून."

वृषभ ठिबकच्या पाइपांचं दुकान चालवायचा. कुठलंही काम तो अर्धवट सोडत नसे, आणि घरच्यांचा त्याच्याविरुद्ध एवढाच आरोप होता. आईनं त्याला फक्त दूध बंद करायला सांगितलं होतं. त्यानं दूध, दही आणि तूप बंद केलं. तुपात कॅल्शियम जवळजवळ नसतंच, पण तूप म्हशीचं, म्हणून संशयित. मग नाचणी गेली, तीळ गेले, शेवग्याचा पाला गेला. त्यानंतर चुना. रायाप्पांच्या तंबाखूवर बंदी नव्हती, फक्त चुन्यावर होती. पण चुन्याशिवाय तंबाखू म्हणजे बकरीनं खायचा पाला. डॉक्टर सांगून थकले, मुनिमहाराज प्रवचनं करून पुढच्या गावाला गेले, तरी सुटली नव्हती ती तंबाखू आठवडाभरात सुटली. बंदीचा तेवढा एक फायदा झाला, तोही कुणी ठरवलेला नव्हता.

"आणि ही भिंत?"

"चुना लावणाऱ्याला मधनंच परत पाठवला. बोअरचं पाणी जड असतंय म्हणून आप्पांना विहिरीचं आणतोय. रांगोळी दगडाची असती, ती बंद. शाळंपुढनं जाताना त्यास्नी पलीकडच्या बाजूनं न्हेतोय."

"शाळेत काय आहे?"

"खडू," वृषभ म्हणाला. आक्का एवढी शिकली आणि खडू विसरली, याचं त्याला वाईट वाटलेलं दिसलं.

प्रणिता पायरीवर बसली. आईनं आतून चहा आणला. काळा.

"परवा मोबाइलवर वाचलं आक्का, संगमरवर बी कॅल्शियमचाच की. बस्तीतली फरशी सगळी संगमरवरी. मग आप्पांना पायमोजे घालून न्हेलं. उपाध्यांनी पायमोज्याला हरकत घेतली. आता दारातनंच नमस्कार करत्यात."

"मूर्तीसुद्धा संगमरवरी आहे, वृषभ."

"तिथं मी थांबवलं हं त्याला," राजमती म्हणाली. "म्हटलं, देवाला मधी आणू नगंस. मूर्ती असंल कॅल्शियमची. देव न्हाय."

प्रणिताला हसू येत होतं, पण ते आलं नाही, कारण तिला भलतंच काही आठवलं. "मग यंदाचा कलश?"

दुधाचा कलश घालायचा मान गावात घरोघर फिरत असे. त्यांच्या घराची पाळी मागं आली तेव्हा प्रणिता प्राथमिक शाळेत होती. मधल्या वर्षांत रायाप्पा दरवर्षी खाली उभे राहून दुसऱ्यांना सांगायचे. अंगठा कुठं ठेवायचा, कलश किती कलता धरायचा, धार मस्तकाच्या मधोमध कशी पडली पाहिजे. अख्खं गाव त्यांचं ऐकायचं. यंदा पाळी त्यांची होती, आणि अभिषेक रविवारवर आला होता.

उत्तर आतल्या खोलीतून आलं. रायाप्पा खाटेवर बसले होते, उजवा हात मांडीखाली दाबलेला. "कलश नागेंद्र घालणार. त्याचा दह्याचा हाय, दोन्ही घालंल. दूध म्हंजे कॅल्शियम, मूर्ती म्हंजे कॅल्शियम. मला दोन्हीकडनं धोका."

इतक्या गंभीरपणे त्यांनी हे सांगितलं, की क्षणभर प्रणितालाही पटल्यासारखं झालं.

मग तिनं सगळ्यांना बसवलं. "हे बघा. आप्पांनी हंडाभर दूध प्यायलं तरी मेंदूतल्या त्या पेशीला पत्ता लागत नाही. रक्तात किती कॅल्शियम ठेवायचं ते शरीर ठरवतं. जास्त झालं तर बाहेर टाकतं. कमी पडलं तर हाडांतनं काढून घेतं. पेशीत शिरतं ते वेगळं, त्याचा वाटीतल्या दह्याशी संबंध नाही. तुम्ही महिनाभर कॅल्शियम बंद ठेवलंय, म्हणजे आप्पांचं शरीर महिनाभर काय खातंय? हाडं."

राजमतीनं तोंडाला पदर लावला.

"हाडं?" वृषभ म्हणाला. "आपल्या घरात?"

कांदा-लसूण न शिजणाऱ्या त्या घरात महिनाभर हे चाललं होतं आणि कुणाला माहीतसुद्धा नव्हतं. वृषभ चप्पल न घालता धावला. चहा निवायच्या आत म्हैस परत आली, मागून नागेंद्र दोरी धरून आला, आणि चुना लावणाऱ्याला फोन गेला.

"एकच पाळायचं," प्रणिता म्हणाली. "रोगाची गोळी आणि दूध एकदम घ्यायचं नाही. दुधातली प्रथिनं गोळीला आडवी येतात. गोळी अर्धा तास आधी."

"बघ!" राजमती वृषभकडं वळली. "दुधात कायतरी हाय म्हणत हुते का न्हाय मी!"

सगळे खूश झाले. रायाप्पा तेवढे उठले आणि आखूड पावलं टाकत परसात गेले. थोड्या वेळानं प्रणिता त्यांच्यामागं गेली. ते हौदाच्या काठावर बसले होते.

"सुम्ने बस," ते म्हणाले. ती गप्प बसली. मग तेच म्हणाले, "घालवलंस माझं कारण."

"कसलं?"

"कलश न घालायचं. तुला काय वाटलं, खडूनं रोग हुतोय हे मला पटलंतं?"

"मग महिनाभर काळा चहा का प्यालात?"

"पथ्य हाय म्हणून सांगाय बरं पडायचं गं. पथ्याला लोक मान देत्यात. हात हलतोय म्हटलं की कीव करत्यात." त्यांनी मांडीखालचा हात काढला. बाहेर आला तसा तो हलायला लागला, चिमटीत काहीतरी मळल्यासारखा. "वीस वर्षं मी लोकास्नी धार शिकवली. आता माझीच धार भिंतीवर जाणार. आणि खालनं अख्खा गाव बघणार."

"गोळी घेतली की कमी होतो की."

"अभिषेकाआधी तोंडात काय घालत न्हाय आपण."

"औषधाला चालतं. जिनेंद्र उपाध्येच म्हणतात."

"उपाध्यांना चालतंय. मला चालत न्हाय."

प्रणितानं मोबाइल काढला आणि एक चित्रफीत लावून त्यांच्या पुढ्यात धरली. काळ्या पडद्यावर हिरवे ठिपके उजळत होते, विझत होते, पुन्हा उजळत होते.

"हे काय, काजवं?"

"पेशी. तुमच्या हातासाठी ज्या लागतात त्या जातीच्या. कॅल्शियम आत शिरलं की चमकतील अशी सोय केलीय."

"माझ्या?"

"नाही. दुसऱ्या कुणाच्या कातडीपासनं आम्ही वाढवल्यात."

"ह्या म्हणजे त्याच. तुझी आई रोज सकाळी ह्यांच्यासाठी णमोकार मंत्र म्हणती. ताटलीत का असंना, जीव हाय म्हणती." रायाप्पांनी मोबाइल जवळ ओढला. "ह्यास्नी कोण सांगतंय चमका म्हणून?"

"कुणीच नाही. मेंदूतल्या बऱ्याच पेशी निरोप आला की कामाला लागतात. ह्या निरोपाची वाट बघत नाहीत. आपल्या आपण ठेका धरून चालू. दर ठोक्याला दार उघडतं, कॅल्शियम आत येतं, आणि आलेलं सगळं परत बाहेर घालवावं लागतं. त्यातच ताकद जाते."

"सुट्टी?"

"झोपेतसुद्धा नाही."

रायाप्पांनी मान वळवून घराकडं बघितलं. "म्हंजे आपल्या घरासारखं," ते म्हणाले.

त्यांचं घर बाजारच्या रस्त्यावर. निपाणीच्या बाजाराहून परतणारा कुणीही पिशवी टेकवून आत यायचा. कुणी पाणी मागे, कुणी चहा, कुणी जावयाची तक्रार घेऊन येई आणि जेवूनच उठे. राजमतीची चूल विझलेली कुणी बघितली नव्हती. गुडघे गेले होते तिचे.

"आणि नागेंद्राच्यात बघ," रायाप्पा म्हणाले. "दार कायम लावलेलं. त्याची बायको कशी ठणठणीत हाय."

"तशाही पेशी असतात आप्पा. ह्यांच्या शेजारीच. त्यांच्याकडं कॅल्शियम धरून ठेवणारी प्रथिनं जास्त असतात. आलेल्या पाहुण्याला हाताला धरून कट्ट्यावर बसवायचं, म्हणजे सगळे एकदम चुलीपाशी येत नाहीत. ह्या रोगात त्या जास्त टिकतात."

"मग आमच्या दाराला कडी घाला की."

"घालून बघितली. बीपीची एक गोळी आहे, तसलंच दार आवळणारी. परदेशात पार्किन्सन्सच्या लोकांना देऊन बघितली. रोग काही हटला नाही." तिला ह्यापेक्षा बरं काहीतरी सांगता आलं असतं, पण ते खरं नसतं. "उशीर झाला असेल. नाहीतर दार ते एकच नसेल. म्हणून आम्ही दुसऱ्या बाजूनं बघतोय. आत आलेलं सांभाळायला पेशीला हातभार कसा लावायचा."

"जमतंय?"

"ताटलीत थोडं थोडं. ताटली म्हणजे माणूस नव्हे."

"माझ्या किती उरल्यात?"

"निम्म्यापेक्षा कमी असतील. हात हलायला लागतो तोवर बऱ्याच गेलेल्या असतात."

रायाप्पांनी मान हलवली. वाईट वाटून नाही, हिशेब जुळल्यासारखी. "तरी मी चालतोय. जेवतोय. तुझ्यासंगं बोलतोय. म्हंजे उरलेल्या लई राबत असणार."

"लईच."

"त्या तिथं राबत्यात, आणि मी हिथं हात मांडीखाली घालून बसलोय. काय म्हणत असतील?"

पेशी काही म्हणत नाहीत, हे प्रणिताला ठाऊक होतं. तिनं सांगितलं नाही.

"डॉक्टरला विचार," ते उठत म्हणाले, "सकाळची गोळी अभिषेक झाल्या झाल्या घेतली तर चालंल का. हलतोय तर हलू दे. देवापासनं काय लपवायचं!"

डॉक्टर म्हणाले, एक दिवस तेवढा उशीर चालेल, पण पायऱ्या चढताना मागं कुणीतरी पाहिजे.

रविवारी बस्तीत पाय ठेवायला जागा नव्हती. रायाप्पा धोतर-दुपट्ट्यात, अनवाणी, संगमरवरी फरशीवरून चालत आले. मागं वृषभ होता. त्यानं दोन्ही हात वडिलांच्या कमरेच्या दोन बाजूंना धरले होते, न लावता, विहिरीचा कठडा असावा तसे. मूर्तीशेजारच्या लाकडी पायऱ्या ते एकेक करून चढले. जिनेंद्र उपाध्यांनी मंत्र म्हणत दुधाचा कलश त्यांच्या हाती दिला.

कलश उचलताना हात शांत होता. प्रणितानं श्वास सोडला. पण हा रोग तसाच आहे. हात कामाला निघाला की गप्प बसतो आणि जरा एका जागी धरला की जागा होतो. रायाप्पांनी कलश मस्तकावर नेला, अंगठा जागेवर ठेवला, कलता केला, आणि कलश थरथरायला लागला.

धार फुटली. दूध मधोमध पडेना. ते थेंबाथेंबानं दोन्ही खांद्यांवर उडालं, छातीवर सांडलं, थोडं भिंतीवर गेलं आणि बरंचसं उपाध्यांच्या चष्म्यावर. राजमतीनं डोळे मिटून घेतले. रायाप्पांनी मात्र कलश मागं घेतला नाही. शेवटचा थेंब पडेपर्यंत धरला, मग रिकामा कलश उपाध्यांकडं दिला आणि हात न लपवता खाली उतरले.

पुढचा कलश दह्याचा, नागेंद्राचा. नागेंद्र दार लावून घेणारा माणूस असला, तरी धर्माच्या बाबतीत रायाप्पांच्या शब्दाबाहेर नव्हता. तो पायऱ्या चढला, कलश मस्तकावर धरला, अंगठा जागेवर ठेवला, आणि जीव लावून हलवायला लागला.

दह्याचं दुधासारखं नसतं. ते शिंपडलं जात नाही, फेकलं जातं. एक कवडी उपाध्यांच्या डोक्यावर बसली. नागेंद्राच्या मागं चंदनाचा कलश घेऊन उभा असलेला भला माणूस आपली पाळी यायच्या आधीच खाली सराव करत होता. तो गुडघ्यांतूनसुद्धा हलत होता.

उपाध्यांनी मंत्र थांबवला. "नागेंद्रा, हे काय चालवलंयस?"

"रायाप्पाण्णांनी घातला तसाच घालालोय की," नागेंद्र म्हणाला. त्याच्या आवाजात खंत होती. "इतकी वर्षं आम्ही सरळ घालत हुतो. आम्हाला काय म्हाईत, चुकीचं हुतं म्हणून!"

उपाध्यांनी चष्म्याआडून, म्हणजे दुधाआडून, रायाप्पांकडं बघितलं. सगळी बस्ती तिकडं बघायला लागली. प्रणिताला वडिलांचा चेहरा दिसत होता. ते गप्प राहिले असते, तरी भागलं असतं. त्या गावात तेव्हापासून कलश हलवूनच घातला गेला असता, आणि रायाप्पांचा हात हलतो हे कुणालाच कळलं नसतं.

रायाप्पांचे खांदे आधी हलले. मग पोट. महिनोन्महिने न ऐकलेलं त्यांचं हसू बस्तीच्या घुमटापर्यंत गेलं.

"नागेंद्रा, थांब रं बाबा! माझा हात रोगानं हलतोय. पार्किन्सन्स म्हंत्यात त्याला. मेंदूचा रोग हाय. तू कशाला हलवालास?"

"रोग?" नागेंद्र वरच उभा होता, कलश अजून कलता. "आणि मला पथ्य म्हणून सांगितलासा. महिनाभर तुमची म्हैस सांभाळली मी!"

"दूध कुणी प्यालं महिनाभर?"

नागेंद्रानं उरलेलं दही घाईनं आणि सरळ घातलं. बस्ती हसत होती. उपाध्ये डोक्यावरची कवडी पुसत म्हणाले, "आणि हा चंदनवाला का हलतोय?"

"त्याचं त्यालाच म्हाईत," रायाप्पा म्हणाले.

गोळी त्यांनी बाहेर मांडवात येऊन घेतली, सगळ्यांदेखत, पाण्याबरोबर. जेवणाच्या पंगतीला अर्धा तास होता. लोक येऊन चौकशी करत होते, आणि नवल म्हणजे कीव करणारं त्यांत फारसं कुणी नव्हतं. बहुतेकांना नागेंद्राच्या दह्याबद्दल बोलायचं होतं.

तेवढ्यात मनुबाई आली. वेशीजवळ राहणारी, साठीची, अंगावर जाड लोकरी शाल. वैशाखातलं ऊन पत्र्यावर तडतडत होतं.

"रायाप्पाण्णा, नाव काय म्हणालासा त्या रोगाचं?"

"पार्किन्सन्स. का गं?"

मनुबाईनं इकडंतिकडं बघितलं आणि शालीतून डावा हात काढला. तो हलत होता, चिमटीत काहीतरी मळल्यासारखा.

"कवापासनं?" रायाप्पांनी विचारलं.

"दोन दिवाळ्या झाल्या. थंडी वाजती म्हणून सांगत हुते."

"उन्हाळ्यात बी?"

"कोण विचारलंच न्हाय."

रायाप्पांनी आपला उजवा हात तिच्या हाताशेजारी धरला. दोघांचा ठेका वेगळा होता. दोघंही जरा वेळ बघत बसली, शेजारच्याचं पीक बघावं तशी.

"बरं हुतंय काय?" मनुबाईनं विचारलं.

"बरं न्हाय हुत. बरंचसं हुतंय. गोळ्या हायत, रोज चालायचं हाय, हातापायाचा व्यायाम हाय. आणि आत ज्या उरल्यात त्या राबत्यातच. आमची पोरगी बी त्यांच्याच मागं लागलीया, त्यास्नी कशी मदत करायची म्हणून."

प्रणितानं मनुबाईचा हात हातात घेतला, कोपरातून हळूच वाकवून बघितला. "काकू, मी डॉक्टर नव्हे. हात हलायची कारणं लई असतात, हाच रोग असेल असं नाही. पण तपासून घ्यायला पाहिजे. मी उद्या सकाळच्या गाडीनं बेळगावला चाललेय. चला माझ्यासंगं."

"मी बी येतो," रायाप्पा म्हणाले. "मला दाखवायचंच हाय. डॉक्टर चांगला हाय, नुसता चालायला लावतोय खोलीतल्या खोलीत आणि बघतोय. घाबरायसारखं काय न्हाय."

"शाल आणू का?"

"उकडंल गं."

मनुबाईनं थोडा विचार केला. मग शाल अंगावरून काढली, घडी घातली आणि बुडाखाली घेऊन पंगतीत बसली. पानावर बुंदी आली. तिनं डाव्या हातानं द्रोण सावरला, द्रोण कलंडला आणि बुंदीचे दाणे शेजाऱ्याच्या पानापर्यंत घरंगळत गेले. शेजाऱ्यानं ते गोळा करून खाल्ले. वाढणारा वृषभ परत फिरला आणि काही न विचारता तिच्या द्रोणात आणखी डावभर बुंदी घालून पुढं गेला.